लाजरा काटा

वजनाच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! दुकानाच्या पाटीवर हे लिहिलेलं नाही एवढंच. बाकी येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते ऐकवलेलं आहे. मी काटे दुरुस्त करतो. भाजीवाला, भंगारवाला, सोनार, सगळ्यांचे काटे माझ्या टेबलावर येऊन उघडे होतात, आणि काटा उघडा झाला की मालकही उघडा होतो. कोण गिऱ्हाइकाला वजनात किती मारतो हे मला तो तोंड उघडण्याआधी कळतं. "जरा जास्त दाखवेल असं काहीतरी करा ना," असं कानाशी येऊन सांगणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवलंय. माझ्या हातून खोटं वजन? शक्यच नाही!

हे सगळं मी दादाच्या भानगडीआधी म्हणत असे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बस चालवायचा. 'चालवायचा' म्हणायचं कारण, एका सकाळी सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि दादा स्टिअरिंगवर पोट टेकून घोरत राहिला. प्रवाशांनी आधी हाका मारल्या, मग घंटी वाजवली, मग मागच्या दारानं उतरून शांतपणे चालत ऑफिसं गाठली. नशीब गाडी उभी होती! दुसऱ्या दिवशी दादाकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्याला डेपोच्या खिडकीत पास तपासायला बसवलं. तिथंही तो झोपायचा. पण खिडकी कुणाच्या अंगावर जात नाही.

डॉक्टर म्हणाले, वजनामुळे झोपेत श्वास अडतो, म्हणून दिवसा डोळा लागतो. हे आम्हाला नवीन नव्हतं. बाबांचंही असंच होतं. ते एका दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायला बसले ते बसलेच. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं. वरचे म्हणतात खाली घ्या, खालचे म्हणतात वर घ्या, आणि मधे बाबा! शेवटी कठड्याचा तुकडा कापावा लागला. करवत मीच आणली होती. तो तुकडा आम्ही परत बसवला नाही. त्या रिकाम्या जागेपाशी आलं की दादाचा हात हवेत जातो, आणि तो दम खायला थांबतो.

तर, पोट लहान करायची शस्त्रक्रिया ठरली. सर्जन फार बोलणारा नव्हता. "लिव्हर सुजून पोटावर पसरून बसलंय. ते आटलं नाही तर मला खालचं दिसणार नाही. दिसलं नाही तर मी हात लावणार नाही. दोन आठवडे हिच्या ताब्यात राहा."

'ही' म्हणजे तिथली आहाराची बाई. तिनं साखर, ब्रेड, भात, बटाटा, लोणी, फळांचा रस, सगळं एका दमात बंद केलं. उरलं काय? प्रोटीनची पावडर, उकडलेल्या भाज्या, अंड्याचं पांढरं आणि सूप. दादानं तिथल्या तिथे तिचं नाव सूपबाई ठेवलं.

"वजनाचं माझ्यावर सोपवा!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

न्हाणीघरातला काटा दादाला पाहूनच बसला होता, म्हणून मी दुकानातला पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा हमालाकडून वर चढवला आणि दादाच्या पलंगाशेजारी मांडला. दादा रोज सकाळी त्यावर असा चढायचा, जणू खाली दरी आहे. पहिले काही दिवस बरे गेले. मग काटा अडला. आज तेवढंच, उद्या तेवढंच. सूप पिऊन पिऊन दादाच्या चेहऱ्यावर उकडलेल्या दुधीचा रंग आला, पण काटा ढिम्म!

एका सकाळी दादा काट्यावरून उतरून पलंगाच्या कडेवर बसला. "सोड बारक्या. बाबांचं झालं तेच माझं व्हायचंय. उगीच तोंडाची चव कशाला घालवायची?"

आता तुम्हीच सांगा, सख्ख्या भावाला असं बघून कुणाचं काळीज जागेवर राहील? दादा आंघोळीला गेला तेवढ्यात मी काट्याला 'तेल घातलं'. शून्याला हात लावला नाही. ते अडाण्याचं काम! मी आतल्या दांडीला जरासं सरकवलं. रिकामा काटा शून्यावर शून्य. पण भार चढला की काटा लाजतो, पूर्ण पुढे जातच नाही. जितका भार मोठा तितका जास्त लाजतो. आयुष्यभर इतरांना नाकारलेली कारागिरी मी घरच्या माणसासाठी केली, तीही उलट्या बाजूनं, तीही फुकट!

दुसऱ्या दिवशी दादा चढला. "बारक्या! वहिनीला बोलाव! चार किलो!"

वहिनी पदराला हात पुसत धावत आल्या, आकडा बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं मला मिठी मारली. मी तिच्यात दिसेनासा झालो. आतून मला इतकं पवित्र वाटत होतं की काय सांगू!

इथे हिशोबाची गोम आहे. चार किलो उतरले, म्हणजे थोडी मोकळीक मिळाली, असं दादाला वाटलं. मोजे ठेवायच्या खणात बिस्किटांचा पुडा आला. एवढी मेहनत करतात, जरा जिवाला बरं वाटावं, म्हणून वहिनी सूपमध्ये गुपचूप लोणी सोडू लागल्या. आणि मी? मी रोज संध्याकाळी मोठ्या मनानं गोड रसाची बाटली घेऊन जात होतो. रसानं काय होतंय! एकाच चार किलोंवर तिघांनी तिघांना न सांगता उचल घेतली, आणि खात्यात मुळात ते चार किलो जमाच नव्हते.

शस्त्रक्रियेचा दिवस उजाडला. दादा नवा शर्ट घालून हॉस्पिटलात गेला. नर्सनं काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, कागद बघितला, पुन्हा आकडा बघितला.

"सर, वाढलंय."

"काय?" दादाचा आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. "वाढलंय? माझं? तुमचा काटा बिघडलाय!"

"आमचा काटा तपासलेला असतो," नर्स म्हणाली.

"कुणी तपासला? माझा भाऊ काट्यांचा कारागीर आहे! अख्खा बाजार त्याच्या शब्दावर चालतो! बारक्या, घूस खाली! दाखव यांना!"

सर्जन घड्याळाकडे बघत म्हणाला, "बघा बाबा, पाच मिनिटांत बघा." शेजारी भुलीच्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्या मला मऊ आवाजात म्हणाल्या, "नीट बघा हं. भूल याच आकड्यावर ठरवते मी."

मी चार पायांवर होऊन काट्याखाली शिरलो. बघ्यांची गर्दी झाली. समोरच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. काटा अस्सल होता. दांडी सरळ, टेकूची धार स्वच्छ, कुठे कसर नाही. असा काटा बघून एरवी मी खूश झालो असतो! मी तिथेच पडून राहिलो. हा काटा चुकतोय म्हटलं तर माझी लाज वाचते, दादाची तारीख वाचते, सगळे खूश. फक्त दादा माझ्या खोट्या आकड्यावर आत जातो. नजर वळवली तर समोर दादाचे पाय. हॉस्पिटलच्या सपातीत न मावणारे, फुगलेल्या पावासारखे. बाबांचे पाय स्ट्रेचरवरून असेच बाहेर आले होते.

मी खालूनच बोललो. "दादा, हा काटा बरोबर आहे. आपला लाजतो."

"लाजतो? काटा? कुणी शिकवलं त्याला?"

"मी."

मग वहिनींनी एकदम हंबरडा फोडला, "अहो, मग मी ते लोणी कशाच्या जिवावर घालत होते?"

"लोणी?" दादा गरजला. "तू सूपमध्ये लोणी घालत होतीस? तरीच मी म्हटलं, बिस्किटाबरोबर चांगलं लागतंय!"

"बिस्किट?" तेवढ्यात आत आलेली सूपबाई म्हणाली.

"आणि रस तेवढा मी आणायचो," मी काट्याखालून राहिलेली नोंद केली.

सर्जननं तिघांकडे क्रमानं बघितलं. "यात पेशंट कोण आहे नक्की?" सोनोग्राफी केली. लिव्हर जिथल्या तिथे, मांडी घालून बसलेलं. "पुढच्या महिन्यात या. सुजलेल्या लिव्हरवर हत्यार घसरलं तर रक्त थांबत नाही. मग तुम्ही कितीही लाजलात तरी उपयोग नाही."

घरी आलो. जिन्याच्या वळणावर, कठड्याच्या रिकाम्या जागेपाशी, दादा पायरीवर बसला. धाप लागली होती. ती ओसरल्यावर म्हणाला, "करवत ठेवलीयस ना रे अजून?"

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

काटा मी दुकानात परत नेला आणि कोपऱ्यात पोतं टाकून झाकून ठेवला. दादाकडे मीही जेवायला बसू लागलो. जे त्याला, तेच मला: तेच सूप, तीच पावडर, तेच पांढरं. वहिनी ताट वाढायच्या आणि समोर पहाऱ्याला बसायच्या. दादा माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलायचा, आणि सूपबाईनं मीठही मोजून दिल्यामुळे तेवढंही फार होत नव्हतं. पण या वेळी लिव्हर आटलं. सर्जन म्हणाला, "आता दिसतंय." आणि दादाला आत नेलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. आम्हाला वाटलं, सुटलो! कसले सुटतोय? खरं खाणं तर नंतर शिकायचं होतं. औषधाच्या इवल्याशा पेल्यातून घोट घोट पाणी. मग पातळ. मग घोटून मऊ केलेलं. आधी प्रोटीन, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. वर जन्मभराच्या गोळ्या. एक दिवस दादानं सवयीनं घोटलेलं अंडं खाऊन वर पेलाभर पाणी ढोसलं आणि त्याला अशी उलटी झाली की वहिनी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून दादानं तोंडच मिटलं. खाल्लं तर दुखतं, नाही खाल्लं तर वजन उतरतं. त्याला हा दोन्हीकडून फायद्याचा सौदा वाटला. ओठ सुकले, डोळे आत गेले. एका सकाळी न्हाणीघरात धप्पकन आवाज आला. पडला! हॉस्पिटलात सलाईन लावून परत आणला. सूपबाईनं बजावलं, "तुम्ही आता चरबी नाही, स्वतःलाच खाताय." तरी चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. मी म्हटलं, "दादा, तू खंगलायस." तर म्हणाला, "तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून झालाय माझा."

मग वहिनी दुकानात आल्या. दार लोटून घेतलं. "भाऊजी, तो काटा काढा. खूप उतरलंय असं दाखवा. घाबरतील आणि खातील."

"आणि खूश झाला तर?"

"मग... कमी उतरलंय असं दाखवा!"

"मग आहे तेही सोडेल."

आम्ही दोघं काट्याच्या दोन बाजूंना बसलो. अर्धा दिवस विचार केला, पण खोटं बोलायला बाजूच सापडेना. शेवटी वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मला ते बसमधले हवेत हो. तिकडे खोलीत पडलेत ते कोण आहेत?"

मी तसाच उठून गेलो. दादा पलंगावर होता. बाजूला वाटीत अंडं थिजत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बऱ्याच आठवड्यांनी नीट बघितलं.

"बारक्या, खरं सांग. काट्यावाचून सांग. कसा दिसतोय मी?"

'छान' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण मला काट्याखालून दिसलेले ते पाय आठवले.

"बाबांना स्ट्रेचरवरून नेलं ना, तेव्हा त्यांच्या तोंडाला तुझ्यापेक्षा जास्त रंग होता."

माझ्या मागोमाग आलेल्या वहिनी दारातच थिजल्या. मग दादा म्हणाला, "अरे हलकटा." आणि वाटीकडे बघून, "चमचा दे."

एक घास. चावणं, थांबणं, गिळणं. पुन्हा एक. वाटी संपेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. दादाच तेवढा श्वास घेत होता.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी फिट असल्याचा शिक्का मारला आणि दादाला बस परत मिळाली! त्या सकाळी जिन्याच्या वळणावर त्याचा हात हवेत गेला खरा, पण पाय थांबले नाहीत. पहिल्या फेरीला मी पुढच्या सीटवर बसणार हे ठरलेलंच होतं, आणि या प्रसंगासाठी मी नवी पँट शिवून घेतली होती. सूप काय फक्त दादानंच प्यायलं होतं? दुकानातल्या कोपऱ्यातल्या काट्यावर मी स्वतःला मोजलं, चांगलं दोन किलो उतरलेलं निघालं, आणि शिंप्यानं "कंबर धरतेय" म्हटलं तरी मी त्याला उलट झापलं. वजनातलं मला सांगतोस?

दादानं गाडी सुरू केली. आरशातून माझ्याकडे बघून हसला. माझा ऊर भरून आला. मी टाळी द्यायला पुढे वाकलो, आणि पँट मागून कमरेपासून खालपर्यंत टर्रकन गेली!

दादाला आरशात सगळं दिसलं. सिग्नल हिरवा झाला होता, त्यानं गाडी पुढे काढली, दुसरा गिअर टाकला, आणि मागच्या सीटपर्यंत जाणाऱ्या आवाजात विचारलं, "काय रे बारक्या, तो काटा सरळ करायचा राहिला का?"