पागनीसकाका आणि पाटावरची बटणं

आमच्या माधव नगरातले पागनीसकाका कुणाकडे चहाला आले की बसण्याआधी खिशातून वायरींची जोडणी तपासायचा मीटर काढतात. टीव्ही, फ्रिज, एकदा तर आमच्या लोखंडी पलंगालाही त्यांनी मीटरच्या दोन्ही वायरी लावून पाहिल्या. बीप वाजला की मान डोलावतात आणि मग टेकतात. "मीटर को बोलने दो मीनू," मला सांगतात, "माणसाचं काय, तो काहीही बोलतो."

उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला त्यांचा. देवास गेटच्या बाजारात एका दुकानात दारावरच्या बेलचे सहा स्विच घेताना त्यांनी प्रत्येक स्विच मीटर लावून तपासला, तेव्हा दुकानदाराने हात जोडले. "बाबूजी, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?"

ते स्विच कशाला हवे होते, ते सांगते. माझ्या लहानपणी अख्ख्या गल्लीत व्हिडिओ गेम फक्त काकांकडे होता. घरात मूलबाळ नाही. गेम आणला होता शालूकाकूंसाठी. सुट्टीत आम्ही पोरं पन्हं पीत बघत बसायचो आणि काकू काकांना धुऊन काढायच्या. पडद्यावरचा काकांचा गडी खड्ड्यात पडला की काकू टाळी वाजवून ओरडायच्या, "मेलात तुम्ही!" नवऱ्याला असं म्हणणारी बाई अख्ख्या माधव नगरात दुसरी नव्हती. माझी आई "शिव शिव" म्हणत कानांवर हात ठेवायची. काय दिवस होते ते!

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आवडीचं काही करू द्या, कदाचित शब्द परत येतील, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी माळ्यावरून गेम उतरवला. पण त्याचा रिमोट, म्हणजे कंट्रोलर, दोन हातांनी धरायचा. मग काकांनी ठरवलं, एका रिमोटच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवरून वायरी बाहेर काढायच्या आणि पाटावर बेलचे मोठे स्विच बसवायचे. डाव्या तळहाताने दाबता आले पाहिजेत.

मी मदतीला जाऊन बसले. "पहले ग्राउंड पकड़ो," काका म्हणाले. "हर बटन के दो सिरे. एक त्याचा स्वतःचा, दुसरा सगळ्यांचा मिळून. तो सगळ्यांचा म्हणजे ग्राउंड. तो सापडला की काम फत्ते."

आणि सिग्नलवाल्या या माणसाने मीटर न लावता सरळ काळी वायर ग्राउंड धरली. त्यांच्या नोकरीत काळी म्हणजे ग्राउंडच. दिवसभर सोल्डरिंग केलं, गेम लावला आणि एकही बटण चालेना. काकू पाटावर हात ठेवून वाट बघत होत्या. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. काकांनी ते पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

"काळी वायर ग्राउंड नाही? किस गधे ने बनाया है ये?" ते पुटपुटले. मग सगळं उखडलं आणि पुन्हा मीटर घेऊन बसले. मीटरचं एक टोक एका वायरीला धरून ठेवायचं, दुसरं प्रत्येक बटणाला लावायचं. जी वायर सहाही बटणांशी बीप करेल तेच खरं ग्राउंड. निघाली हिरवी वायर. तिच्या प्रत्येक जोडाला काकांनी काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. "विचारलं का काकूंना?" मी म्हटलं. "ती ओरडली तर बरंच आहे की," काका म्हणाले.

रविवारी दुपारी पाट काकूंच्या पुढ्यात ठेवला. काकूंनी घाबरत स्विच दाबला. पडद्यावरच्या गड्याने टुणकन उडी मारली. काका दुसरा रिमोट घेऊन शेजारी बसले आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. काकूंचे ओठ हलले. बराच वेळ नुसते हललेच.

"मे... लात," काकू म्हणाल्या. "तु... म्ही."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. माझेही डोळे भरून आले.

"फिर से," ते म्हणाले आणि आपला गडी सरळ चालवत खड्ड्यात नेऊन टाकला.

त्या दुपारी मीटर खिशातच राहिला आणि काका अकरा वेळा मेले.