आपोआप भरणारं पिंप

“ह्या घरात धुळीला जेवढा मान आहे, तेवढा माणसाला नाही,” आजोबा पुटपुटले.

दाराआड उकिडव्या बसलेल्या काकूंनी श्वास रोखला. हातात झाडू, पुढ्यात सुपली आणि सुपलीत आजोबांच्याच खोलीतला ओंजळभर केर. आपल्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं अशी त्यांची समजूत होती, आणि ती सासऱ्यांनीच करून दिलेली होती. त्यामुळे ते वाक्य कुणासाठी होतं हे कळायला मार्ग नव्हता. काकू खेकड्यासारख्या आडव्या सरकत दाराबाहेर पडल्या, सुपलीवर टॉवेल टाकला आणि अडगळीच्या खोलीकडे निघाल्या. स्वतःच्याच घरातला केर चोरून नेणारी बाई अख्ख्या गल्लीत आपणच, याबद्दल त्यांना तोवर तरी शंका नव्हती.

प्रकरण सुरू झालं होतं ते काकूंच्या नवऱ्यापासून. त्यांना सगळे फिटरकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात हवेच्या नळ्या बसवल्या, आणि एका शुक्रवारी कारखाना बंद झाला. काका घरी आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते पाच महिने उठले नाहीत. म्हणजे जेवायला, झोपायला उठत, पण ते उठणं खरं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणेनासे झाले. संसारात याहून वाईट लक्षण नाही. काकूंनी एकदा मुद्दाम मीठ घातलंच नाही. काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मग एके दिवशी केर काढताना काकूंचा गुडघा धरला. खाली वाकलेल्या त्या वर येईनात. काकांनी खुर्चीतून त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोजपट्टी घेऊन भिंतीशी बोलत होते.

मोठ्या घरांमधून अशी सोय असते म्हणे. धूळ ओढणारं एकच दांडगं यंत्र कुठेतरी कोपऱ्यात, भिंतींच्या पोटातून त्याच्या नळ्या, आणि खोलीखोलीत एकेक भोक. त्या भोकात लांबलचक नळी खुपसायची आणि ती अजगरासारखी घरभर ओढत फिरायचं. काकांचं म्हणणं, झाडू परवडला पण हा अजगर नको. त्यांनी नळीच काढून टाकली. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायाशी एक फट ठेवली, फटीला झडप लावली, आणि अडगळीच्या खोलीत एक घड्याळ बसवलं. पाळीपाळीने एकेक झडप तीन मिनिटं उघडणार, धूळ आपल्या पायांनी चालत आत जाणार आणि यंत्राखालच्या पिंपात पडणार.

“आजपासून या घरात कुणी वाकायचं नाही!” यंत्र सुरू करताना काकांनी जाहीर केलं.

यंत्राने घाट चढणाऱ्या ट्रकसारखी डरकाळी फोडली. काकूंनी फटीपाशी हात धरला. मुंगीने उसासा सोडावा तेवढी हवा हाताला लागली, कदाचित तेवढीही नाही. काकूंनी वर पाहिलं. पाच महिन्यांनी नवऱ्याच्या कपाळावर घाम होता, कानावर पेन्सिल होती आणि तोंड परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखं झालं होतं.

“बाई बाई, सुटले माझे गुडघे,” काकू म्हणाल्या.

झालं. सुटले म्हटल्यावर पिंपात काहीतरी पडायला हवं. काका अंघोळीला गेले की बावीस मिनिटं गात. तेवढ्या वेळात काकू घर झाडायच्या आणि केर पिंपात नेऊन ओतायच्या. दर रविवारी काका पिंप ताणकाट्याला लटकवून तोलत, आत डोकावत आणि म्हणत, “भरलं की गं.” काकू म्हणत, “भरणारच. यंत्र कुणाचं आहे!” पण मनातून त्यांनाही नवल वाटायचं, कारण त्यांनी टाकलं असेल चार मुठी आणि पिंप असायचं अर्धं. थोडंफार ओढत असेल बापडं, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या. आजोबांच्या खोकल्यासाठी एका आठवड्यात घर इतकं पुसून काढलं की औषधालाही केर उरला नाही. तेव्हा काकू वाडगा घेऊन शेजारणीकडे गेल्या होत्या. साखर संपली असती तर समजलं असतं, पण धूळ कशी संपते, असं शेजारीण विचारत राहिली. दिली मात्र तिने काठोकाठ भरून.

इथवर घरातली गोष्ट घरात होती. पण काकांनी यंत्राचं चित्र काढून आणि आठ महिन्यांची वजनं लिहून अशी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, की आमचं सगळ्यात महागडं यंत्र महिन्यात ओढतं त्याच्या तिप्पट केर तुमचं यंत्र ओढतंय. आमच्या तपासनीस बाई गुरुवारी अकरा वाजता येतील.

आज गुरुवार होता. पावणेअकरा झाले होते. काकूंनी सुपली इतक्या घाईने रिकामी केली की निम्मा केर त्यांच्याच पायावर पडला. यंत्र खोटं ठरलं तर ते यंत्र जाईल, त्याचं काही नाही. पण खिडकीजवळची खुर्ची अजून तिथेच होती, आणि काकूंची नजर पुन्हापुन्हा तिच्याकडेच जात होती.

तपासनीस बाई ठेंगणीशी, चष्मेवाली आणि भारी नम्र होती. काकांना तिने इतक्यांदा ‘सर’ म्हटलं की आजोबा मागे वळून कोण आलंय ते पाहू लागले. आल्या आल्या तिने पिंप मागितलं. ते हॉलमध्ये वर्तमानपत्रावर उपडं केलं, आणि चिमट्याने एकेक वस्तू उचलून बघू लागली. एवढ्या आदराने केराकडे पाहणारं माणूस काकूंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आधी निघाले रंगीत दोरे. मग ब्लाउजचे हूक, मग खडूचा तुकडा. काकूंची लेक पुढच्या खोलीत शिवणकाम करायची आणि तिथे आईला पाऊल टाकू देत नसे, गिऱ्हाइकांचे कपडे इकडचे तिकडे होतात म्हणून. म्हणजे हा केर काकूंचा नव्हता. बाईने विचारलं, हे सगळं शिवणखोलीच्या फटीतून आलं का? लेकीने मान डोलावली आणि छताकडे पाहू लागली. छताकडे ती लहानपणी दूध सांडल्यावर पाहायची.

मग निघाली शेंगांची टरफलं. चांगली पसाभर. डॉक्टरांनी आजोबांना शेंगा बंद केल्याला वर्ष झालं होतं.

“ही कुठल्या खोलीतली?” बाईने विचारलं.

“गॅलरीतली,” आजोबा अभिमानाने म्हणाले.

बाईने चित्र उलटसुलट करून पाहिलं. गॅलरीत तर फटच दिसत नाही, ती म्हणाली. त्या क्षणी आजोबांचे दोन्ही कान कायमचे गेले. बाईने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी तिला आपलं वय सांगितलं.

काकू एकदा लेकीकडे पाहत होत्या, एकदा सासऱ्यांकडे. आधी त्यांना संतापच आला. आठ महिने आपण गुडघे मोडून झाडतोय, आणि ही दोघंही गुपचूप झाडतायत! तिघांनी मिळून ठरवून झाडलं असतं तर वार तरी वाटून घेता आले असते. मग त्यांच्या लक्षात आलं की लेकही त्या खुर्चीकडेच पाहते आहे. आजोबाही. संताप कुठल्या कुठे गेला आणि राहिली ती नुसती भीती, तिघांत मिळून एक.

काका यातलं काही पाहत नसावेत. ते रुमालाने झडप पुसत होते.

आता बाईने पेटीतून एक पुडी काढली. तपासणीसाठी बनवलेली पांढरी भुकटी होती ती. हॉलच्या फटीसमोर तिने ती रांगोळीसारखी पसरली आणि काकांना घड्याळ लावायला सांगितलं. काका अडगळीच्या खोलीत गेले. झडप उघडली, डरकाळी झाली, जमीन हादरली, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं. भुकटी उन्हाला पहुडल्यासारखी जागच्या जागी.

बाई हवेचा जोर मोजायचा काटा काढायला पेटीत वाकली, आणि काकूंना वाटलं, वेळ आहे ती हीच. लेकीला आणि आजोबांनाही तेच वाटलं. लेकीने हातातलं कापड झटकल्यासारखं करून फटकारलं. आजोबांनी छातीतून, तळापासून, साठवून ठेवलेला खोकला काढला. उरलेली भुकटी काकूंनी पायाने सरळ सतरंजीखाली लोटली. बाई काटा घेऊन वर उठली तेव्हा फरशी आरशासारखी होती.

बाई थक्क झाली. तिने काटा फटीला लावला. काटा हलला नाही. तिने तो टिचकी मारून पाहिला, कानाशी धरून पाहिला. समोर भरलेलं पिंप, समोर चकचकीत फरशी, तेव्हा काटाच बिघडला असणार, असं म्हणून तिने तो पेटीत टाकला आणि एक कागद बाहेर काढला. शहराबाहेर एकशे वीस घरांची नवी इमारत उभी राहत होती. प्रत्येक घरात फिटरकाकांची बिननळीची पद्धत बसवायची, काम काकांच्या देखरेखीखाली, उद्यापासून. काका हॉलमध्ये येऊन उभे राहिलेच होते. फक्त इथे सही करा सर, असं म्हणत तिने पेन पुढे केलं.

काकूंच्या डोळ्यांसमोर एकशे वीस दारं आली. प्रत्येक दाराआड एक बाई उकिडवी बसलेली, सुपलीवर टॉवेल टाकलेला, कान नवऱ्याच्या अंघोळीकडे. आणि मग एक दिवस त्यातली एखादी उठून सगळ्यांसमोर विचारणार, की हे यंत्र बनवणारा फसवा माणूस कोण? आत्ताच सांगायला हवं. पण सांगितलं तर? लेकीने मागून त्यांचा दंड घट्ट धरला. आजोबांना अचानक स्पष्ट ऐकू येऊ लागलं होतं, कारण पेन चालत नाही का, असं ते विचारत होते.

काकांनी पेनचं टोपण काढलं. कागद वाचला. टोपण परत लावलं. चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खाली पाहिलं. काकूंचं उजवं पाऊल घोट्यापर्यंत पांढरंशुभ्र झालं होतं. काकूंनी ते डाव्या पावलामागे लपवलं, तर डावंही पांढरं झालं.

काकांनी दोन्ही पावलं नीट पाहून घेतली. मग त्यांनी पेन बाईच्या हातात परत दिलं.

“बाई, हे यंत्र ओढत नाही,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून नाही. तुम्हाला वजनं कळवली ती हिची खात्री पटावी म्हणून, कुणी तपासायला येईल असं वाटलं नव्हतं. भिंतीतल्या एका सांध्यातून हवा पळते. कुठल्या, तेही मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण दुरुस्त करायचं तर भिंत फोडायला लागली असती, आणि फोडली असती तर ओढत नाही हे हिला कळलं असतं. म्हणून मी रोज फिरायला जातो म्हणून निघायचो, आणि बसथांब्यामागची धूळ डब्यात भरून आणून पिंपात टाकायचो.”