शेवेची किनारपट्टी

दांडेकरकाकांना ताप आलेल्या माणसाला भेटायला नेऊ नये. ते त्याच्या कपाळावर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "गुहागरला जाऊन या. शनिवार-रविवारात होतं."

भोपाळहून गुहागर शनिवार-रविवारात होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्रभर गाडी, सकाळी कल्याण, मग पनवेल, मग चिपळूण, मग एसटी. समुद्राच्या वाट्याला येते रविवारची सकाळ, तीही पोहे लवकर उरकले तर. आमच्या कारखान्याच्या हिशोब विभागातले शर्माजी काकांच्या प्लॅनने गेले आणि मंगळवारी उगवले. "समंदर तो देखा, दांडेकर साहब," ते म्हणाले, "पर जूते उतारने का टाइम नहीं मिला." काकांनी दोष शर्माजींच्या बुटांना दिला. लेसचे बूट घालून कोणी कोकणात जातं का?

आम्ही मूळचे नागपूरचे. आमच्या बापजाद्यांनी समुद्राचा फारसा विचार केला नव्हता. बदली होऊन भोपाळच्या या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आलो आणि शेजारी दांडेकर निघाले. ते प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये. कारखान्यात त्यांचे प्लॅन कोणी पाळत नसे, म्हणून बहुधा ते घरी येऊन आमचे आखत.

भोपाळच्या तळ्याला ते पाणी मानायला तयार नव्हते. एकदा शर्माजींनी छाती फुगवून विचारलं, "हमारा तालाब समंदर से कम है क्या?"

"भरती आती है?" काका म्हणाले.

काकांचा हा शेवटचा शब्द असे. भाषणबाज अधिकारी, नवं कारंजं, क्लबातलं गॅदरिंग, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा: "ठीक आहे. भरती येत नाही."

प्लॅन आखायची जागा म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल, आणि वेळ रविवार सकाळची. पोह्यांबरोबर शेव आणि जिलबी आली की काका मूठभर शेव उचलून टेबलावर उभी रेघ ओढत. ती किनारपट्टी. जिलबी म्हणजे घाट. "हे हर्णै, हे दाभोळ, इथे खाडी," म्हणत ते शेवेत बोटाने फट पाडत. काकू आतून ओरडत, "अहो, त्यांना आधी घाट खाऊ द्या. पोहे गार होतायत."

प्लॅन कुणाचाही असो, मुरुडचा, गणपतीपुळ्याचा, तारकर्लीचा, काकांचं बोट फिरून फिरून वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका ठिपक्यावर यायचं. "इथे एका बाईंकडे जेवा. घरगुती आहे. मागच्या पडवीत बसा, पुढे ऊन येतं. पाणी विहिरीचं मागा. आणि कुळथाचं पिठलं सांगा. न सांगता करत नाहीत." मग आवाज खाली आणून, "माझं नाव काढू नका. उगाच स्पेशल करत बसतील."

खुद्द जनरल मॅनेजरसाहेबांनी एकदा सल्ला विचारला. या साहेबांसाठी टाउनशिपचं फाटक त्यांच्या गाडीच्या आधी उघडतं आणि बराच वेळ उघडंच राहतं. काका त्यांना म्हणाले, "तिथे पाट मिळेल साहेब, खुर्ची नाही." साहेब गेले, पाटावर बसले आणि त्यांना उठवायला दोन माणसं लागली, असं ड्रायव्हरने सांगितलं. पिठलं मात्र त्यांनी दोनदा घेतलं.

मे महिन्यात आमची पाळी आली. मी शहाणपणाने आठवड्याची रजा टाकली, त्यामुळे काका दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "आठ दिवस? कोकण काय काश्मीर आहे?"

त्या ठिपक्यावर पोहोचलो. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चटपटीत बाई दारात आल्या. "या, बसा," म्हणून त्यांनी पुढची पडवी दाखवली.

"मागे बसलो तर?" मी म्हणालो.

"बसा की."

"पाणी विहिरीचं मिळेल?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "आणि कुळथाचं पिठलं?"

आमच्या सौभाग्यवतींनी मला कोपर मारलं. बाई हसायला लागल्या. "भोपाळ ना? दादाने पाठवलं. नाव काढू नका म्हणाला असेल."

मी शब्द दिला होता, त्यामुळे मी नुसताच घसा खाकरला.

जेवताना सगळं कळलं. बाईंचं नाव कुसुमताई, काकांची धाकटी बहीण. यजमान गेल्यावर त्या माहेरच्या या घरी येऊन राहिल्या आणि त्यांनी खानावळ काढली. काकांना ते लागलं. "आपल्या ओटीवर पैसे घेऊन पानं वाढायची? मी पुन्हा पायरी चढणार नाही," असं म्हणून ते भोपाळला गेले. तेव्हापासून आले नाहीत.

"स्वतः येत नाही, आणि अख्खा कारखाना पाठवतो," पिठलं वाढत ताई म्हणाल्या. "पावसाळ्यात इकडे चिटपाखरू नसतं. तेव्हासुद्धा याची भोपाळी माणसं भिजत येतात. एक तर बूट घालूनच उंबऱ्यात उभा होता. सगळे मागच्या पडवीत बसणार, सगळे विहिरीचं पाणी मागणार. याला वाटतं, मला कळत नाही."

निघताना त्या म्हणाल्या, "दादाला सांगा, तुझ्याकडून पैसे घेणार नाही. येऊन जेव."

परतल्यावर रविवारी काकांकडे गेलो. शर्माजींच्या मेहुण्यासाठी शेव मांडणं चाललं होतं. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. काकांचं बोट दाभोळपाशी थांबलं.

"असं म्हणाली?"

"असंच."

त्यांनी बोटाला चिकटलेली शेव झटकली. "मागे जांभूळ आहे का अजून?"

"आहे. पानात पडत होती जांभळं."

"पडणारच. तिला कितीदा सांगितलं, फांदी छाट म्हणून." आणि मग आतल्या दाराकडे बघून, "अहो, ऐकलंत का? आठ दिवसांची रजा टाकतोय. तुमचीही बॅग भरा."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही. "आठ दिवस कशाला, काका? शनिवार-रविवारात होतं ना?"

"छे हो," ते म्हणाले. त्यांनी हलक्या हाताने खाडीची फट बुजवली. "इतकं लांबचं गाव. शनिवार-रविवारात कुठे होतंय?"