सांगून जा की!

आमच्या गल्लीतून बाहेर पडायचं, तर आप्पांना सांगून पडावं लागे. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी. त्यांच्या ओट्यावरून हाक यायचीच, "कुठं? कवा येनार?" उत्तर न देता कुणी पुढं सटकला, की पाठोपाठ, "आरं, सांगून जा की!" बरं, परत आल्यावर 'आलो' म्हणून हजेरी द्यायची. न दिली, तर आप्पा थेट घरात येऊन खात्री करून जात. आमच्या गल्लीत कुणाचं प्रेमप्रकरण फळाला आलं नाही, त्याचं निम्मं श्रेय त्यांचं.

आप्पा फौजेत आचारी होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पेन्शनीत निघून ओट्यावर बसून कंटाळले होते. तेवढ्यात दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या संशोधन केंद्राला स्वयंपाकी हवाय, असं त्यांच्या जुन्या साहेबांनी कळवलं. झालं! आप्पांनी कोल्हापुरी पद्धतीनं सराव सुरू केला. ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन लाद्यांवर मांडी घालून बसू लागले. चार दिवसांत अशी सर्दी झाली, की ऐन मे महिन्यात कानटोपी घालून शेगडीपाशी बसायची वेळ आली.

"तितं तरी ह्याच्यापेक्षा बरं आसंल," म्हणाले.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "थंडी सोसेल का?"

"त्ये म्हाईत न्हाय सायेब. मानसं उपाशी ऱ्हानार न्हाईत, येवढं सांगतो."

घेतलं त्यांना. जाताना कपड्यांपेक्षा चटणीचेच डबे जास्त होते.

वर्षभरानं परतले. आम्ही पेंग्विनांबद्दल विचारायचो आणि हे रश्श्यावर यायचे. "बंगाली सायेब आदी रडायचा, मग वाटी फुडं करायचा."

बर्फाची मात्र एकच गोष्ट सांगत. तिथं वादळ सुटलं, की स्वतःचा हात दिसत नाही. बाहेर पडणाऱ्यानं आचाऱ्याला सांगून जायचं आणि एका खोलीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत बांधलेला दोर धरून चालायचं. एकदा जेवणं झाली आणि एक ताट उरलं. एक शास्त्रज्ञ कुणाला न सांगता बाहेर गेला होता. आप्पा दोर धरून शोधायला निघाले. गडी दाराजवळच होता, पण हातातला दोर सुटलेला, आणि दार कुठल्या बाजूला तेच कळेना.

"गावला तवा आदी मुस्काटात मारली," आप्पा सांगत, "मग गरम रस्सा पाजला."

माझी बायको शालिनी हुपरीच्या शाळेत शिकवायची. आप्पांच्या चौकशीचा तिला मनस्वी वैताग. "ह्यापेक्षा सासू परवडली," म्हणायची. एका पावसाळ्यात तिची नेहमीची एस.टी. आलीच नाही. अंधारून आलं, ओढ्याला पाणी चढल्याची बातमी आली. मी घरातून दारात, दारातून घरात. आप्पांचा ओटाही रिकामा. आज नेमके कुठं कडमडले, म्हणून चिडलो. इतक्यात शालिनी आणि आप्पा एका छत्रीतून येताना दिसले.

"स्टँडवर प्रत्येक गाडीत चढून मला शोधत होते," शालिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आल्या बाई," आप्पा छत्री झटकत म्हणाले. "चला, आता जेवतो."

तेव्हा कळलं, गल्लीतलं शेवटचं माणूस घरात आल्याशिवाय हा गृहस्थ घास खात नाही.

पुढच्याच रविवारी आप्पा आजऱ्याला निघाले. कुलूप लावलं, ओट्यावर उभं राहून गल्लीकडं पाहिलं. मग मुकाट्यानं पायऱ्या उतरू लागले.

"आप्पा!" शालिनी खिडकीतून ओरडली. "कुठं? कधी येणार? सांगून जा की!"

आप्पा पायरीवरच थबकले. सगळ्यांना विचारत फिरणाऱ्या या माणसाला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"भनीकडं," ते कसेबसे म्हणाले. "सांजच्या गाडीनं यीन."

"मग ताट वाढून ठेवते."

गाडीला उशीर झाला. आमच्याकडं पानं मांडलेली होती, पण मीही बसलो नाही, तीही बसली नाही. भात दोनदा गरम केला. शेवटी गल्लीच्या तोंडाशी चपला वाजल्या आणि आप्पांनी साऱ्या कोल्हापूरला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आलो!"

"आले बाई," शालिनी म्हणाली आणि आणखी एक पाट मांडला.