नंदाबाईंचं समुद्रफूल

"पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतच्या गुन्हेगारांना झोप लागत नाही, ती माझ्यामुळे," असं हौशीराम स्वतःच सांगत असे. दुसरं कोणी सांगेना, तर तो तरी काय करणार? त्याचा मदतनीस कोंडाजी मात्र गाढ झोपायचा. तीन वर्षांत सुटलेलं प्रकरण एकच, हरवलेल्या छत्रीचं, आणि ती छत्री हौशीरामच्याच काखेत सापडली होती.

१९३६ च्या एप्रिलात लोणावळ्याच्या दत्तोबांनी दोघांना बोलावलं. दत्तोबा रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्यांच्या पत्नी नंदाबाई अलिबागच्या. छातीच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्यांना समुद्र बंद केला होता. म्हणून दत्तोबांनी काचेच्या पेटीत खारं पाणी भरून त्यांच्या पलंगाशेजारी एक समुद्रफूल ठेवलं होतं. नावाला फूल, पण होता तो दगडाला चिकटून बोटं पसरणारा जिवंत प्राणी. आता ते मिटत चाललं होतं, आणि ते मिटलं की नंदाबाई जेवत नसत.

"विषप्रयोग!" भिंग लावून हौशीराम म्हणाला.

"मालक, तुमी दगड बघताय. फूल हिकडं हाये."

पहिला संशय शेजारच्या मांजरावर. ते दोन दिवस बांधून ठेवलं, तरी फूल आकसतच गेलं. मग स्वयंपाकीण बयाबाईची उलटतपासणी झाली.

"समुद्र पाहिलायस कधी?"

"न्हाई."

"म्हणजे मत्सर! लिही, कोंडाजी."

पेटीतलं पाणी आटलं, की दत्तोबा ओळखीच्या गार्डाकडून मुंबईहून समुद्राचं पाणी मागवून ती पुन्हा काठोकाठ भरत. हे कळताच हौशीराम ताडकन उठला. "घाट चढायला कर्जतला मागून इंजिन लावतात. तेवढ्यात पाणी बदललं जातं!"

मग तो स्वतः मुंबईला गेला, गुडघाभर लाटांत उतरला आणि पाण्याची भलीमोठी बरणी बारशाच्या बाळासारखी मांडीवर घेऊन परतला. ते अस्सल पाणी त्यानं स्वहस्ते पेटीत ओतलं.

संध्याकाळपर्यंत फुलाची सुपारी झाली. नंदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कोंडाजीला फार वाईट वाटलं. हे प्रकरण खरोखर सुटावं, असं त्याला नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

न शिवलेली पेजेची वाटी उचलायला बयाबाई आली. तिनं पेटीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं बया, लय खारट!"

"समुद्रच आहे तो," हौशीराम तुच्छतेनं म्हणाला.

"आमटी आटली, तर तुमी वरनं आमटीच घालता व्हय, भाऊ? पानी उडून जातं, मीठ कुटं जातंय? ते हितंच ऱ्हातंय. वरनं नुसतं हिरीचं पानी घाला की."

दत्तोबांनी कपाळावर हात मारला. वाटीवाटीनं, दमादमानं पेटीतलं खारट पाणी निघू लागलं आणि त्याजागी विहिरीचं पडू लागलं. चौथ्या दिवशी फुलानं एकेक करून सगळी बोटं पसरली, आणि नंदाबाईंनी भाकरी मागितली.

हौशीरामनं गंभीरपणे वही उघडली. 'आरोपी: मीठ,' त्यानं लिहिलं. 'साथीदार:' इथं मात्र लेखणी अडली.

"लिवा की, मालक," कोंडाजी म्हणाला, "बरनी मांडीवर घिऊन आलेला एक इसम."

पलंगावर भाकरीचा घास हातात तसाच धरून नंदाबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.