जागा खाणारी भांडी

खोली भाड्याने घ्यायला आलेला माणूस आधी नळाला पाणी येतं का ते पाहतो. सुगंधाबाई आधी आमची भांडी बाहेर काढायच्या.

आमचं घर गडचिरोली जिल्ह्यात, वडशाला. दिवाळी झाली की गावात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आपापले फलक लावतात, आणि होळीपर्यंत त्यांच्या गाड्या रोज वेगळ्या गावी प्रयोगाला जातात. कलावंत तोवर वडशातच खोल्या करून राहतात. आमच्या मागच्या खोलीत दर हंगामाला सुगंधाबाई असायच्या. नाटकात आईची कामं करायच्या. मूळच्या सिंदेवाहीकडच्या. घरी कोण आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि जन्मभर शाळेत प्रश्न विचारूनही मला ते विचारता आलं नाही.

माझ्या पत्नीने, मालतीने, त्या खोलीत हौसेने संसार मांडला होता. भाताचा गंज, कढई, कुकर, चमच्यांचा स्टँड. पहिल्याच वर्षी सुगंधाबाईंनी तो उचलून आमच्या दारात आणून ठेवला. ‘‘वहिनी, हे तुमच्यापाशी ठेवा. माह्याजवळ माह्यं हाय.’’ भांडी अस्वच्छ वाटली असतील म्हणून मालतीने ती पुन्हा घासली, पुन्हा नेऊन मांडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. मालती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सुगंधाबाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांची एक खाकी कॅनव्हासची पिशवी होती. तीत लोखंडी तवा. त्याचा दांडा लोहाराकडून अर्धा कापून घेतलेला. एकात एक बसणारे दोन गंज. मोठ्या गंजाचं झाकण हीच जेवायची ताटली, आणि ती पालथी घातली की पोळपाट. लाटणं, सांडशी, घडीची विळी, आणि सराटा, म्हणजे पुण्याकडे ज्याला उलथणं म्हणतात तो. गंजाच्या पोटात तिखटमिठाच्या डब्या, डब्यांमधल्या फटीत लसूण. उचलल्यावर वाजणारी पिशवी त्यांच्या लेखी भरलेलीच नसे.

जगातल्या वस्तूंचे त्यांच्याकडे दोनच वर्ग होते: कामाच्या आणि जागा खाणाऱ्या. कुकर जागा खाते. चमच्यांचा स्टँड जागा खाते. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. कंपनीतला नवा हिरो कसा आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘थो स्टेजवर नुसती जागा खाते.’’

हंगाम संपून निघायच्या आधी त्या पिशवीची तालीम घेत. अंगणात तीन विटा मांडायच्या आणि पिशवीतल्या सामानावर पूर्ण जेवण रांधायचं. एखाद्या वस्तूसाठी आत जावं लागलं, की तालीम पडली. पिशवी रिकामी, सगळं पहिल्यापासून. एका वर्षी काडेपेटीपायी पडली होती. नाटकाच्या तालमीला मात्र बाई वेळेवर येत नाहीत, अशी त्यांच्या मॅनेजरची तक्रार असे.

आमची मुलगी हैदराबादला भाड्याच्या घरात राहते. तिच्या बाळंतपणाला मालती निघाली, तेव्हा सुगंधाबाई न बोलावता आल्या आणि भरलेली सुटकेस त्यांनी बैठकीत उपडी केली. मिक्सर बाहेर गेला, डब्यांचा सेट बाहेर गेला. सराटा तेवढा त्यांनी परत आत ठेवला. तो तर तिथेही मिळतो, असं मालती म्हणाली.

‘‘भेटते ना. पण परक्या घरी हात बावरते, वहिनी. त्याले ओळखीचं एक तरी पायजे.’’

लग्न झाल्यापासून मालतीने कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. मी त्यात आलोच. तिने सराटा नेला. हैदराबादहून पहिला फोन आला तो सराट्याचा. नातवाचं नंतर कळलं.

यंदा पावसाळ्यात मालती वारली. दिवाळीनंतर सुगंधाबाई आल्या. भांडी आणून द्यावीत असं आता दारात कोणी नव्हतं. त्यांनी ती घासली आणि ओट्यावरच पालथी घालून ठेवली.

यंदा त्यांना कोणत्याच कंपनीने घेतलं नव्हतं. भिंतीवर लिहिलेलं सगळं वाचायची मला सवय आहे. एकाही पोस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. आईच्या कामाला आता नाचता येणाऱ्या मुली घेतात, असं ऐकलं. ‘‘बोलणी चालू हायेत,’’ त्या म्हणायच्या. रोज दुपारी इस्त्रीचं पातळ नेसून पायरीवर बसायच्या. समोरून कंपन्यांच्या गाड्या जायच्या. गाडी हळू झाली की उठून उभ्या राहायच्या. आमच्या घरासमोर गतिरोधक आहे. ‘‘ड्रायव्हर नवा दिसते,’’ असं म्हणून त्या पुन्हा बसायच्या.

मी खानावळीचा डबा आणत होतो. निम्मा तसाच परत जायचा. त्या माझा डबा पाहायच्या, मी त्यांची पायरी.

मग एका सकाळी एका कंपनीचे मॅनेजर आले. अंगणातलं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. त्यांचा स्वयंपाकी निघून गेला होता. ‘‘पोरं हॉटेलचं खाऊन बिमार पडून राह्यली, बाई. तुमच्याबिगर कोणी डोळ्यापुढं आलं नाई.’’

बाईंनी विचारलं, ‘‘आईचं काम कोण करून राह्यलं?’’

मॅनेजरने कोणा मुलीचं नाव सांगितलं आणि खाली चपलांकडे पाहिलं. त्यानंतर बाईंनी माणसं किती, भाताचं पातेलं पितळेचं की जर्मनचं, एवढंच विचारलं. दुपारी गाडी पाठवतो, असं सांगून ते गेले.

गाडी आली. या वेळी ती खरंच थांबली. सुगंधाबाई माझ्या दाराशी आल्या. पातळ इस्त्रीचं होतं.

‘‘सर, बोलावणं आलं.’’

‘‘काम कोणतं?’’ मी विचारलं.

‘‘आईचंच.’’

‘‘डायलॉग?’’

‘‘जास्त नाई. जेवलास का रे, एवढाच. पण सारखा हाय.’’

मग पाहायला यायला हवं, मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘पाहाले काऊन येता?’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवाले या.’’