कापलेले दोरे आणि उघडलेलं पुस्तक

टापटीपरावांनी त्या दिवशी रजा घेतली ती निव्वळ बायकोला मदत करायला. (हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थांना हे नाव ऑफिसातल्यांनी ठेवलं होतं. टाचणी तिरकी दिसली तरी ते फाइल परत पाठवत.) बायकोच्या भरतकामाचं पहिलंवहिलं प्रदर्शन संध्याकाळी सहाला उघडणार होतं. सकाळीच हॉलवर जाताना ती एवढंच म्हणाली, "अहो, दुपारी ते कापडाचं पुस्तक तेवढं जपून घेऊन या. बाकी काही करू नका."

शेवटचं वाक्य टापटीपरावांना ऐकू आलं नाही असं नाही. त्यांना ते पटलं नाही.

ते पुस्तक बायकोने दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून शिवलं होतं. (तेवढी दोन वर्षं घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले.) पानं बारा. प्रत्येक पान घरातल्या एकेकाच्या जुन्या कापडाचं, आणि त्यावर रंगीत दोऱ्याने त्या माणसाच्या तोंडचं वाक्य भरलेलं. टापटीपरावांनी पुस्तक उघडलं मात्र, त्यांचा जीव कासावीस झाला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हातभर दोरा लोंबत होता!

"घाईत राहून गेलं असेल बिचारीचं," असं म्हणत त्यांनी कात्री घेतली आणि अर्ध्या तासात बाराही पानं चकाचक केली.

हॉलवर बायकोने पुस्तक उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"दोरे कुठे गेले?"

"काढले! एक म्हणून शिल्लक ठेवला नाही."

"अहो, ते मुद्दाम सोडले होते!" तिने सासूबाईंच्या चादरीचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाचा."

"'मी काही बोलत नाही, पण'..."

"या 'पण'नंतर आई कधी थांबल्यात?"

"छे! शक्यच नाही."

"मग? तो दोरा म्हणजे ते पुढचं बोलणं. माणसांचं बोलणं संपत नाही, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही एका दुपारी सगळ्या घराची तोंडं बंद केलीत!"

बायको पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली. ती ओरडली असती तर परवडलं असतं. पाच मिनिटांनी तिने डोळे पुसले, एक स्टूल ओढून हॉलच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाली,

"बसा. सुई ओवता येते?"

"इथे? लोकांसमोर?"

"लोकांसमोरच."

आणि तिने स्वतःच्या हाताने पाटी लिहून शेजारी लावली: 'या पुस्तकाचे दोरे आज दुपारी कापले गेले. ज्यांनी कापले, ते परत लावत आहेत.'

सहा वाजता लोक आले, पाटी वाचली आणि स्टुलाभोवती ही गर्दी झाली. एक निवृत्त शिंपीकाका "गाठ उलटी मारताय, साहेब," म्हणत शेजारीच बसले. एक बाई सांगू लागल्या, "आमच्या ह्यांनी माझं अर्धं विणलेलं स्वेटर उसवून लोकरीचा सुबक गुंडा करून ठेवला होता!" मग दुसऱ्या बाई, मग तिसऱ्या. जो तो आपल्या घरचं सांगू लागला आणि हॉल बंद व्हायची वेळ झाली तरी कुणाचं बोलणं संपेना. बायको मधोमध उभी राहून ते ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की तिच्याकडे बघता बघता टापटीपरावांनी दोनदा सुई बोटात घुसवून घेतली.

प्रदर्शन बघायला आलेल्या कलासंग्रहालयाच्या संचालिकाबाईंनी बाराही पानं दोनदा वाचली. म्हणाल्या, "हे पुस्तक आमच्याकडे कायमचं हवं. आणि या वेड्यावाकड्या गाठी अशाच राहू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या टापटीपरावांच्या.

"आणि हे गृहस्थ?" संचालिकाबाई हसून म्हणाल्या. "तेही सोबत मिळतील का?"

"छे छे! यांना मी देणार नाही," बायको ठामपणे म्हणाली.

टापटीपरावांची छाती चांगली दोन इंच फुगली.

"उगाच तुमच्या डोक्याला ताप कशाला?" ती पुढे म्हणाली. "पहिल्याच दिवशी सगळ्या पुरातन मूर्तींना नवे हात बसवून ठेवतील."